नोंदींचे पावित्र्य जपणारा गणिती

बँकेच्या संकेतस्थळावर हजारो खातेदारांच्या नोंदी रोज बदलत असतात. एखाद्या कर्मचाऱ्याच्या अनवधानाने किंवा प्रोग्राममधील दोषाने ज्याच्या नावावर कर्ज आहे अशा खातेदाराची नोंदच पुसली गेली, तर ते कर्ज कोणाचे? अशा अपघातांना डेटाबेसनेच अटकाव करावा, या विचाराला भक्कम गणिती बैठक दिली ती एडगर कॉड यांनी.

कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ रोजी इंग्लंडमधील पोर्टलँड येथे झाला. ऑक्सफर्डमध्ये गणित व रसायनशास्त्र शिकलेल्या कॉड यांनी दुसऱ्या महायुद्धात वैमानिक म्हणून कामगिरी बजावली. १९४८ साली ते न्यूयॉर्कला आले आणि आयबीएममध्ये रुजू झाले. सिनेटर मॅकार्थी यांच्या राजकारणाला विटून १९५३ मध्ये त्यांनी कॅनडा गाठला. काही वर्षांनी ते अमेरिकेत परतले.

त्या काळी माहितीच्या मांडणीत जरा फेरफार केला, की त्यावर विसंबलेले प्रोग्राम कोलमडत. एकच माहिती अनेक ठिकाणी नोंदलेली असे. एक नोंद सुधारली, तरी दुसरी तशीच राही. १९७० साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात कॉड यांनी माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत मांडण्याची कल्पना सुचवली. प्रत्येक गोष्ट शक्यतो एकाच जागी नोंदवावी, हे सूत्र त्यांनी पुढे विकसित केले.

आयबीएमची जुनी प्रणाली चांगली खपत असल्याने कंपनीने प्रारंभी फारसा उत्साह दाखवला नाही. पुढे ओरॅकल या नावाने गाजलेल्या कंपनीने १९७९ मध्ये या तत्त्वावरील डेटाबेस बाजारात आणला. १९८१ साली कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार लाभला.

आपल्या तत्त्वांचे केवळ नाव मिरवणारी उत्पादने पाहून १९८५ मध्ये त्यांनी आपले प्रसिद्ध बारा नियम मांडले. नोंदींच्या अचूकतेचे निर्बंध प्रोग्राममध्ये विखुरलेले नसावेत, ते डेटाबेसमध्येच असावेत आणि कोणत्याही आडवाटेने ते डावलता येऊ नयेत, हा त्यांचा आग्रह होता. कर्ज शिल्लक असलेल्या खातेदाराची नोंद पुसण्यास आज डेटाबेस नकार देतो, तो असे निर्बंध घातलेले असतात म्हणूनच. अर्थात, नियमात बसणारी चूक त्यातूनही निसटते. तिच्यासाठी मर्यादित अधिकार आणि राखीव प्रत यांना पर्याय नाही.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात कॉड यांचे निधन झाले. माणूस चुकणारच, हे गृहीत धरून व्यवस्था उभारावी, हाच त्यांच्या कार्याचा वारसा होय.