विश्लेषण : टाळेबंदी आणि मुखपट्टीचा उपयोग झाला का? हाफकिन यांच्या आयुष्यात दडलेले उत्तर

करोनाची टाळेबंदी उठून काही वर्षे झाली, तरी तिचा उपयोग झाला की नुसतेच नुकसान झाले, हा वाद संपलेला नाही. कुरुंदवाडसारख्या सीमेवरच्या गावाने या वादाच्या दोन्ही बाजू अनुभवल्या आहेत. शेजारच्या नृसिंहवाडीचे दत्त मंदिर मार्च २०२० मध्ये बंद झाले, पाडव्याला उघडले, पुन्हा बंद झाले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये भाविकांसाठी खुले झाले. कर्नाटकात जाताना तपासणी अहवाल दाखवावा लागे. २०२१ च्या उन्हाळ्यात जिल्ह्यातील निर्बंध लांबले आणि व्यापारी संतापले. सव्वाशे वर्षांपूर्वी पटवर्धनांचे कुरुंदवाड संस्थान ज्या मुलखात होते, त्या दक्षिण महाराष्ट्रात प्लेगच्या वेळी हाच वाद पेटला होता. त्याच्या केंद्रस्थानी होते वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन कोण होते?

त्यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथील ज्यू कुटुंबात झाला. ज्यूंवरील हल्ल्यांच्या काळात स्वसंरक्षण दलात भाग घेतल्याने त्यांना अटक झाली. धर्म बदलल्यास नोकरीत बढती मिळाली असती, पण त्यांनी तो बदलला नाही. १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले, तेही ग्रंथालयातील साहाय्यक म्हणून. तेथे त्यांनी पटकीवर लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वत:ला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते कोलकात्यात आले आणि उत्तर भारतात हजारो लोकांना त्यांनी लस दिली.

प्लेगच्या काळात टाळेबंदी होती का?

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. २०२० मध्ये राज्य सरकारने याच कायद्याचा आधार घेतला. घरझडती, सक्तीचे विलगीकरण, रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी, सामानाची जाळपोळ असे उपाय सुरू झाले. पुण्यात रँड यांच्या समितीने झडतीसाठी गोरे सैनिक घरात घुसवले. त्याच काळात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच मृत्यू झाला. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल उसळली आणि सरकारला सक्ती सैल करावी लागली.

इतक्या कडक उपायांनंतरही प्लेग मिरज, बेळगाव, हुबळी, कोल्हापूरपर्यंत पसरलाच. कारण तो प्रामुख्याने उंदरांवरील पिसवांमधून पसरत होता. स्थानकावर प्रवाशाची नाडी आणि जांघ तपासली जाई, पण धान्याच्या पोत्यांतून उंदीर पुढच्या गावी पोहोचत. पिसवांचा सिद्धांत पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडला; तो सर्वमान्य व्हायला आणखी दशक गेले. याउलट गाव सोडून माळावर झोपड्यांत राहण्याचा उपाय लागू पडला, कारण त्यात माणसे उंदरांपासून दूर जात होती. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनीही लोकांना गावाबाहेर हलवण्यावर भर दिला.

हाफकिन यांनी काय केले?

ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या बळावर त्यांनी तीन महिन्यांत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वत:ला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळा तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा साधारण निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. लस न घेतलेल्यांपैकी १२ जण आजारी पडून ६ दगावले. लस घेतलेल्यांत दोघे आजारी पडले, मृत्यू एकही झाला नाही. दमणमध्ये लस घेतलेल्या २,१९७ जणांपैकी ३६, तर न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ मरण पावले.

पण पुढे येऊन लस घेणारे मुळातच सुदृढ किंवा सावध असतील, तर श्रेय लशीला कसे द्यायचे? ही शंका रास्त होती. म्हणून १८९८ मध्ये बडोदा संस्थानातील उंढेरा गावी प्रत्येक घरातील अर्ध्या माणसांना लस देण्यात आली. स्त्रिया, पुरुष, मुले, अशक्त माणसे दोन्ही गटांत सारखी येतील हे पाहिले गेले. प्लेग शिरलेल्या घरांत लस घेतलेल्या ७१ पैकी ३, तर न घेतलेल्या ६४ पैकी २६ जण दगावले. त्याच वर्षी हुबळीत मोठ्या प्रमाणावर लसीकरण झाले. काही ठिकाणी लस घेतलेल्यांना निर्बंधांतून सूट देणारे दाखलेही मिळत. २०२१ मध्ये दोन मात्रा घेतलेल्यांना मुंबईच्या लोकलची मुभा मिळाली, तिचीच ही जुनी आवृत्ती.

मग त्यांच्यावर कारवाई का झाली?

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबमधील मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. त्यातील एका बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. चौकशीत दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन निलंबित झाले. प्रत्यक्षात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी बाजू घेतल्यावर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. मात्र त्यांना मुंबईत परतता आले नाही. कोलकात्यात नव्या चाचण्यांविना त्यांची उरलेली वर्षे गेली. १९१५ मध्ये ते निवृत्त झाले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले.

आजच्या वादाला यातून काय मिळते?

पहिली गोष्ट, उपाय किती कडक यापेक्षा तो रोगाच्या वाटेवर आहे का, हे महत्त्वाचे. गाठीच्या प्लेगला मुखपट्टीने रोखता आले नसते. पण १९१०-११ मध्ये मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली, तेव्हा वू लिएन-तेह यांनी कापडी मुखपट्टीचा आग्रह धरला, कारण तो श्वासावाटे पसरत होता. दुसरी गोष्ट, तुलना केल्याशिवाय उत्तर मिळत नाही. बांगलादेशात ६०० गावांची विभागणी करून मुखपट्टीची चाचणी झाली. मुखपट्टीचा वापर वाढलेल्या गावांत लक्षणांसह झालेली करोनाची लागण सुमारे ९ टक्क्यांनी घटली. म्हणजे फायदा होता, पण माफक. देशभर एकाच रात्री लागू झालेल्या टाळेबंदीला मात्र तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. त्यामुळे तिने किती जीव वाचवले, याचे आकडे प्रारूपांच्या गृहीतकांवर अवलंबून राहतात आणि वाद मिटत नाही.

तिसरी गोष्ट विश्वासाची. रँड यांच्या सक्तीने रुग्ण लपवले गेले. हाफकिन यांनी सुई आधी स्वत:च्या अंगाला लावली. तरीही एका बाटलीने त्यांचे आयुष्य उद्ध्वस्त झाले. पुढच्या साथीत निर्बंध लावताना त्यांची मोजदाद कशी करायची, हे आधीच ठरले, तर निदान वाद तरी आकड्यांवर होईल.