संत ज्ञानेश्वर आणि माझी आजी

मी संत ज्ञानेश्वरांची माहिती सांगतो. त्यांचे वडील विठ्ठलपंत व आई रुक्मिणीबाई. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताबाई ही चार भावंडे. संन्याशाची पोरं म्हणून लोकांनी त्यांना वाळीत टाकले, फार हिणवले. आईबापही लवकर गेले. गीता संस्कृतात होती, ती साध्या माणसांना कळत नव्हती. म्हणून ज्ञानेश्वरांनी इ.स. १२९० मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी मराठीत सांगितली. १२९६ साली त्यांनी आळंदीला समाधी घेतली. मुक्ताबाईंचे मंदिर आपल्या खानदेशात मुक्ताईनगरला आहे.

गुरुजींनी आम्हाला ज्ञानेश्वरीतला 'आइकें' हा शब्द दाखवला. मला नवलच वाटले! माझी आजी अहिराणीत 'आयक' म्हणते. जुन्या मराठीत 'उगा' म्हणजे गप्प. आता पुस्तकात 'उगाच' म्हणजे विनाकारण. पण आजी आम्हाला 'उगामुगा' बसायला सांगते, म्हणजे गप्पच!

शहरातले पाव्हणे आले तेव्हा ते आजीच्या बोलण्याला हसले. मीपण हसलो. आजी मग उगामुगाच बसली. आता मला त्याची लाज वाटते. मी रोज आजीला शब्द विचारतो आणि वहीत लिहितो. तुम्हीपण तुमच्या आजीला विचारा.