लोखंडी नांगर आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून आमचे विद्यार्थी नित्य जातात-येतात. त्या नावाचा संबंध पंपांशी आणि इंजिनांशी आहे हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु या नावाच्या पहिल्या नांगरास गिऱ्हाईक मिळेना आणि शेतकऱ्यांनी तो जमिनीस अपायकारक ठरविला, ही हकीकत फारशी कोणास माहीत नसते. आम्हांस ती त्या घराण्याच्या पुढील वैभवापेक्षा अधिक विचारणीय वाटते.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचे लक्ष मात्र चित्रकलेकडे आणि यंत्रांकडे. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या साह्याने ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे काही रंगांतील भेद आपल्या दृष्टीस कळत नाही असे त्यांच्या ध्यानी आले, व रंगांचा नाद सोडून त्यांनी यांत्रिक रेखाटन हाती धरले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते तोच विषय शिकवू लागले. शाळेच्या कारखान्यातील यंत्रे हाताळून त्यांनी जे ज्ञान मिळविले, ते कोणत्याही परीक्षेने त्यांस दिले नव्हते. बढतीच्या वेळी त्यांना डावलण्यात आले, तेव्हा त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि १८९७ च्या सुमारास ते बेळगावास परतले.

येथे बंधूंचे सायकलींचे दुकान चालू झालेले होते. मुंबईहून लक्ष्मणरावांनी सायकली पाठवाव्या, रामूअण्णांनी त्या विकाव्या आणि घेणाऱ्यास बसावयास शिकवावे, अशी व्यवस्था होती. दोन चाकांवर मनुष्य तोल सांभाळून कसा बसतो, हे ज्याने कधी पाहिले नाही त्याला ती वस्तू नुसती दाखवून विकता येत नाही, हे मर्म या बंधूंना तेव्हाच उमगले असावे.

सायकलींवर त्यांचे मन रमले नाही. दुसऱ्याने केलेला माल विकण्यापेक्षा आपण काही घडवावे, ही त्यांची इच्छा. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले. सबंध ताट गुरांपुढे टाकले तर ती पाला खातात आणि जाड बुडखे तुडवून टाकतात. बारीक तुकडे केले म्हणजे वैरण पुरते. हा लाभ गोठ्यात उभे राहून चार दिवसांत दिसतो. त्यानंतर विलायती नांगरांच्या धर्तीवर त्यांनी लोखंडी नांगर तयार केला, आणि येथे गाडे अडले.

लोखंड लागले की जमिनीत विष भिनते, असे शेतकरी म्हणू लागले. नांगरास गिऱ्हाईक मिळण्यात सुमारे दोन वर्षे गेली. हा समज केवळ आपल्याकडचाच होता असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डने १७९७ साली ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनीही हाच आक्षेप घेतल्याचे सांगतात.

या शेतकऱ्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस ते मान्य नाही. बाभळीच्या जुन्या नांगरासही फाळ लोखंडाचाच असे, आणि त्याने आजवर कोणाचे शेत नासले नव्हते. तेव्हा विषाची भाषा वरवरची. खरी शंका आत निराळीच असली पाहिजे. लाकडी नांगर गावचा सुतार घडवी, मोडला तर तोच सांधून देई, आणि त्याची मजुरी खळ्यावर बलुत्याच्या रूपाने भागे. लोखंडी नांगरास रोख पैसा हवा. तो पेरणीच्या तोंडावर मोडला तर कोणाच्या दारी जावयाचे? शिवाय तो जड. मोठ्या नांगरास बैलांची एक जोडी पुरत नसे. ज्याच्या घरी एकच जोडी, त्याने हंगाम पणास लावून हा प्रयोग का करावा? नव्या वस्तूची परीक्षा चुकली तर कारखानदाराचा एक नांगर परत येतो, शेतकऱ्याचे मात्र वर्ष जाते.

नांगराच्या बाजूनेही सांगण्यासारखे पुष्कळ होते. लाकडी नांगर माती फोडतो, पण उलटवीत नाही. लोखंडी नांगराचे वळणदार पाते खोल जाऊन ढेकळे पालथी घालते, आणि दख्खनच्या काळ्या रानातील हरळी व कुंदा यांची मुळे उन्हात उघडी पडतात. हरळी माजलेले रान ज्याने पाहिले आहे, त्याला या एका गुणाची किंमत सांगावी लागत नाही. आमच्या कोंकणी मुलखातील भाताच्या खाचरांत चिखल करावयास हलका नांगरच बरा. पण घाटावरची गोष्ट वेगळी. नांगराच्या गुणाचा निकाल शेवटी ज्याच्या त्याच्या शिवारातच लागावयाचा, आणि तेथे तो हळूहळू लागलाही. मोडलेला भाग बदलता यावा म्हणून सुटे भाग मिळू लागले, की सुताराच्या दाराचा प्रश्नही आपोआप सुटतो.

माल खपू लागला, तोच जागेचे संकट उभे राहिले. बेळगावच्या नगरपालिकेने शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा मागितली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलाविले, दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर पडीक जमीन दिली. निवडुंग आणि साप यांचेच तेथे राज्य होते. १० मार्च १९१० रोजी त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. या वसाहतीत अस्पृश्यता पाळली जात नसे, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांवरही रात्रीच्या राखणीचा विश्वास टाकला जाई.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि विलायती नांगर येईनासे झाले. ज्या नांगरास पूर्वी कोणी हात लावीत नव्हते, त्याची मागणी आता पुरवता येईना, कारण ओतावयास लोखंडच मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या निकामी तोफा देऊ केल्या. त्या किर्लोस्करवाडीच्या भट्टीत वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. मिरजेहून पुण्याकडे जाताना लागणारे ते कुंडल रोडचे स्थानक आज किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते.