दुष्काळाने आईबाप नेले, दुष्काळातूनच लेकी आणल्या : पंडिता रमाबाई

धूलकोट (बुऱ्हाणपूर) : 1896-97 चा दुष्काळ मध्य प्रांताला फार जड गेला. आपलं बुऱ्हाणपूर तेव्हा त्याच प्रांतातल्या निमाड जिल्ह्यात होतं. त्या दुष्काळात पुण्याहून एक विधवा बाई या प्रांतात आली आणि सुमारे 300 मुली-बायका सोबत घेऊन गेली. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. भूक काय असते हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे सगळं कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरू लागलं. 1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळ होतं ते दानधर्मात आणि अनुष्ठानात संपलं, मजुरीची कधी सवय नव्हती, आणि भीक मागायची लाज. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईच्या तिरडीला पुरेसे खांदेकरी मिळेनात. रमाबाईंनी स्वतः हात दिला. उंची कमी, म्हणून त्यांनी ती डोक्यावर धरली. मसणवट तीनेक मैल लांब होती.

उरलेली दोघं बहीणभावंडं पायी हिंडत राहिली. रानातली बोरं सालीबियांसकट खाल्ली. झेलमच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा वाळूत खड्डे करून त्यात झोपली. 1878 मध्ये कलकत्त्याला विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी दुसऱ्या जातीत, नोंदणी पद्धतीने लग्न झालं. 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. पदरात मनोरमा, वर्षाचीही नव्हती.

1883 मध्ये इंग्लंडला गेल्यावर समाजाने टाकलेल्या बायकांना जवळ घेऊन नव्याने उभं करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या. त्याचा परिणाम खोल झाला आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. मनाला स्वस्थता मात्र लगेच आली नाही. त्याला आणखी काही वर्षं लागली, हे त्यांनीच पुढे मोकळेपणाने लिहून ठेवलंय. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. धर्म बदलला आणि दुःख पळालं, अशी सोपी गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही.

1889 मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, मग ते पुण्याला गेलं. 1893 मध्ये धर्मांतराच्या वादावरून सल्लागार मंडळीही बाजूला झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. आपले सुधारक सोडून गेले याचं दुःख थोडं नव्हतं.

अशा हालतीत मध्य प्रांताच्या दुष्काळाच्या बातम्या आल्या. जावं की नाही, मन कचरत होतं, कारण हातात पैसा नव्हता. तरी देवावर भार टाकून निघाल्या. इथल्या रिलीफ कॅम्पांत मुलींची नुसती उपासमार नव्हती, त्यांच्यावर वाईट नजर ठेवणारेही फिरत होते. पुण्यात तेव्हा प्लेग, म्हणून मुलींना केडगावच्या शेतात झोपड्यांत ठेवलं. काही मुली इतक्या खंगलेल्या होत्या की वाचल्याच नाहीत.

मी कॉमर्सचा माणूस, म्हणून हिशेबाकडे लक्ष जातंच. अमेरिकन मित्रमंडळाने मदतीचा शब्द दहाच वर्षांसाठी दिला होता आणि ती मुदत 1898 मध्ये संपत होती. खाणारी तोंडं मात्र वाढत होती. 1900 च्या सुमारास गुजरातेतही दुष्काळ पडला, तिथल्या मुलीही आल्या. बाईंची प्रार्थना चालू होती आणि सोबत शेती, विणकाम, तेलघाणा, छापखानाही चालू होता. मनोरमा ब्रेल शिकून आली, तर अंध मुलींचीही शाळा झाली.

शेवटची वर्षं बायबलच्या भाषांतरात गेली. खेड्यातल्या बाईला कळेल असं मराठी हवं, म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. 1921 च्या जुलैत मनोरमा गेली, ऐन चाळिशीत. संस्था जिच्या हाती द्यायची तीच राहिली नाही. तरीही रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. 5 एप्रिल 1922 ला केडगावातच त्यांनी देह ठेवला. ते बायबल मुक्तीच्या बायकांनीच छापलं आणि 1924 मध्ये ते बाहेर पडलं.