नवसाचे मंदिर

दिल्लीस गेल्यावर लाल किल्ला सर्वच पाहतात. तेथून जवळच काश्मिरी दरवाजापाशी पिवळट रंगाचे, मोठ्या घुमटाचे एक ख्रिस्तमंदिर आहे. ते सेंट जेम्स चर्च. ते एका शिपाईगड्याने नवस फेडण्यासाठी स्वतःच्या पैशाने बांधले, आणि हा शिपाई प्रथम आपल्या शिंद्यांच्या पदरी होता. ग्वाल्हेरच्या वाचकांना हे वाचून कौतुक वाटेल.

जेम्स स्किनर यांचा जन्म १७७८ साली झाला. वडील स्कॉटलंडचे, आई राजपूत. मुलींना पडद्याबाहेर काढून शाळेत घालण्याचे ठरले तेव्हा आईने जीव दिला. जेम्सला कलकत्त्यास छापखान्यात उमेदवारीस ठेवले, तेथून तो थोड्याच दिवसांत पळाला. हिंदी आईच्या मुलाला कंपनीच्या फौजेत अधिकारी होण्याची मनाई होती. म्हणून १७९५ च्या सुमारास तो द बॉयन यांच्या कवायती पलटणीत, म्हणजे शिंद्यांच्या चाकरीत शिरला.

१८०० साली राजस्थानात उनियारा येथील लढाईत त्याच्या जांघेत गोळी लागली. बरोबरचे लोक मेले किंवा मरणाच्या दारी होते. तहानेने व्याकूळ होऊन तो रात्रंदिवस त्या मैदानात पडून राहिला आणि वाचलो तर देवाचे मंदिर बांधीन असा नवस त्याने केला. मग चांभार समाजातील एक म्हातारी भाकरी व पाणी घेऊन आली. स्किनरने घेतले. शेजारी पाय तुटून पडलेल्या राजपूत सुभेदाराने मात्र तिच्या हातचे पाणी नाकारले. ही हकीकत शब्बाथ शाळेत सांगताना मुले फार शांत होतात, असा माझा अनुभव आहे. स्किनरने त्या बाईला पुढे आई मानले.

१८०३ साली मराठ्यांचे इंग्रजांशी युद्ध जुंपले आणि इंग्रजी रक्ताच्या सरदारांना शिंद्यांच्या फौजेतून काढून टाकण्यात आले. नाइलाजाने स्किनर जनरल लेक यांच्याकडे गेले, पण जुन्या धन्याविरुद्ध लढणार नाही या अटीवर. त्यांनी उभारलेले पिवळ्या अंगरख्याचे घोडदळ आजही भारतीय सैन्यात आहे. लोक त्यांना सिकंदरसाहेब म्हणत. फारसीत त्यांनी ग्रंथही लिहिले. मात्र त्यांना संत ठरवू नये. त्यांचा जनाना मोठा होता व राहणी नवाबी थाटाची.

नवस फेडायला छत्तीस वर्षे लागली. खर्च सुमारे ९० हजार रुपये आला. मंदिराची आखणी सारख्या लांबीच्या चार बाजूंच्या क्रुसासारखी आहे. मधल्या खांबांवर घुमट तोललेला असून तीन बाजूंना खांबांच्या देवड्या आहेत. त्यामुळे आत लांबट दालनाऐवजी मंडळी जणू घुमटाखाली एकत्र जमते. बिशप डॅनियल विल्सन यांनी २१ नोव्हेंबर १८३६ रोजी त्याचे समर्पण केले. १८५७ च्या धामधुमीत घुमटावरील गोळा व क्रूस गोळ्यांनी चाळण झाले. ते पुढे खाली उतरवून आवारात ठेवण्यात आले. १९७० पासून हे मंदिर चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये आहे.

स्किनर ४ डिसेंबर १८४१ रोजी हांसी येथे वारले. आपल्याला उंबरठ्याखाली पुरावे, म्हणजे येणारा प्रत्येक जण या महापाप्यावर पाय देऊन आत जाईल, अशी त्यांची इच्छा होती असे सांगतात. जानेवारी १८४२ मध्ये त्यांचा देह दिल्लीस आणला, आणि लोकांनी त्यांना वेदीसमोर पुरले.