अण्णा भाऊंनी नोंदवलेली साक्ष

लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावच्या मांगवाड्यात झाला. शाळा त्यांना जेमतेम दीड दिवस लाभली. वाड्यातली जाणती माणसे फकिराच्या गोष्टी सांगत, तीच त्यांची खरी शाळा. पुढे पायी मुंबई गाठली, गिरणीत राबले. १९४४ साली अमर शेख व गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभे करून शाहिरी कामगारवस्तीत नेली.

आम्ही वकील मंडळी कागदाला पुरावा मानतो. पण कागद लिहिणारा कोण? १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पुढे मांगांच्या माथीही हजेरी आली. त्या दप्तरात फकिरा दरोडेखोरच ठरणार! दुष्काळात उपाशी मांग-महारांसाठी त्याने धान्य लुटले, ही आठवण वाड्याने जपली. ती तोंडी साक्ष अण्णा भाऊंनी १९५९ च्या ‘फकिरा’ कादंबरीत नोंदवली आणि बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. तरीही १८ जुलै १९६९ रोजी हा साहित्यसम्राट दारिद्र्यातच गेला.

आज मांगांची जयंती वेगळी, महारांची वेगळी, असे वाटे घालणाऱ्यांना ‘फकिरा’ हेच उत्तर आहे. बांधवांनो, जयंतीला डीजेऐवजी वस्तीतल्या वृद्धांना मुलांसमोर बोलते करा. नाव, गाव, सालासह लिहून घ्या. एकेक म्हातारा जातो तसा आपला एकेक साक्षीदार कमी होतो.