भूगर्भाचे अंतरंग जाणणारा शास्त्रज्ञ

तलावांचा जिल्हा अशी ओळख असलेल्या गोंदियात, तिरोडा तालुक्यातील बोदलकसा येथे डोंगर व वनराईच्या कुशीत विस्तीर्ण जलाशय आहे. मात्र जिल्ह्याच्या बऱ्याच भागात जमिनीखाली कठीण, प्राचीन खडक आहे. भूजल साठते ते कातळावरील झिजलेल्या थरात आणि खडकांच्या भेगांत. त्यामुळे एका विहिरीला मुबलक पाणी, तर शेजारची कोरडी, असे घडते. अशा कठीण खडकांच्या प्रदेशात खोदण्यापूर्वी पाण्याचा अंदाज घेण्यासाठी जमिनीत वीज सोडण्याची जी पद्धत जगभर वापरली जाते, तिच्या जनकांमध्ये कॉनराड श्लुम्बर्जर यांचे नाव अग्रणी आहे.

त्यांचा जन्म 1878 मध्ये अल्सास प्रांतातील गेबविलेर येथे, एका वस्त्रोद्योजक कुटुंबात झाला. हा प्रांत तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होता. पॅरिसमध्ये उच्च शिक्षण घेऊन ते तेथील खाणशास्त्राच्या नामांकित विद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. निरनिराळे खडक विजेला कमी-अधिक विरोध करतात, तर हा विरोध मोजून जमिनीखालचे थर ओळखता येतील काय, या प्रश्नाने त्यांना झपाटले. मातीने भरलेल्या टबात त्यांनी प्राथमिक प्रयोग केले. 1912 मध्ये नॉर्मंडीतील कौटुंबिक वाड्याच्या परिसरात प्रत्यक्ष जमिनीवर मोजमापे घेतली. पहिल्या महायुद्धामुळे या कार्यात खंड पडला.

युद्धानंतर 1919 मध्ये वडील पॉल यांनी संशोधनासाठी अर्थसाहाय्य दिले. अट एकच होती : नफ्यापेक्षा विज्ञानाला अग्रक्रम द्यायचा. अभियंता असलेले धाकटे बंधू मार्सेल हेही या कार्यात सहभागी झाले. 1927 मध्ये अल्सासमधील पेशलब्रॉन येथील तेलविहिरीत त्यांच्या चमूने विद्युत मोजमापे घेऊन खोलीनुसार थरांचा आलेख मिळवला. या यशातून तेल उद्योगातील एक बलाढ्य कंपनी आकाराला आली. सोव्हिएत संघातून परतताना 1936 मध्ये स्टॉकहोम येथे कॉनराड यांचे निधन झाले.

पाण्याच्या शोधात वापरली जाणारी त्यांच्या नावाची मांडणी साधी आहे. एका सरळ रेषेत चार खुंट्या रोवतात. बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडतात आणि आतल्या दोन खुंट्यांमधील विद्युतदाब मोजतात. बाहेरच्या खुंट्या जसजशा दूर नेल्या जातात, तसतशी अधिक खोलीवरची माहिती मिळते. अखंड कातळ विजेला प्रचंड विरोध करतो, तर पाण्याने भिजलेला झिजलेला थर तुलनेने कमी. परंतु ओली चिकणमातीही असाच कमी विरोध दाखवते आणि ती पाणी सहजासहजी सोडत नाही. म्हणूनच या आकड्यांना भूशास्त्राच्या जाणकारीची जोड द्यावी लागते.

कर्ज काढून विंधन विहीर खोदणाऱ्या शेतकऱ्यासाठी या मोजमापांचे मोल मोठे आहे. पाण्याची हमी त्यातून मिळत नसली, तरी खोदकाम निव्वळ नशिबावर सोडण्याची वेळ टळते. श्लुम्बर्जर यांचे नाव तेलाच्या संपत्तीशी जोडले गेले असले, तरी त्यांचे खरे ऋण पाण्यासाठी झगडणाऱ्या माणसालाच अधिक जाणवावे.